तळातला कापूस

आमचे एक मित्र दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ग्रेडर होते. बैलबंडीवरचा पांढराशुभ्र कापूस पाहून ते कधी भुलले नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालून तळातला पुंजका काढायचे, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ताणायचे आणि मगच प्रत सांगायचे. "वरचा कापूस साऱ्यायचाच चांगला रायते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

साठीनंतर आम्हा मित्रांना घडीघडी लघवीला जावं लागायचं. आम्ही ते वयावर ढकलायचो. त्यांनी मात्र यवतमाळला जाऊन तपासून घेतलं आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर सांगितलं, "रक्त तपासलं, अन् डाक्टरनं मागून बोट घालून प्रोस्टेट पाह्यलं."

सगळे हसले. मी मास्तर माणूस, मी मान खाली घातली. ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, "हासून काय राह्यले? मी जिनिंगात दुसरं काय केलं?"

पुढे प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासला, त्यात कॅन्सर निघाला. लहान होता, हळू वाढणारा. नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं. दर सहा महिन्यांनी इस्त्रीचा सदरा घालून ते मजेत एसटीत बसायचे. एकदा त्यांनी मलाही तपासायला ओढून नेलं, आधी रक्त द्यायला लावलं.

मी लाजत डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलो. ते बाकावर वाट पाहत होते.

"कोन्ती प्रत, मास्तर?"

"पहिली. डॉक्टर म्हणाले, हाताला काही लागत नाही."

त्यांनी मान हलवली. "रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या. मंग सांगू."