तीन ठिपक्यांची जोड

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, अंगानं अगदी काडी होता. तरी गल्लीत त्याला सगळे 'वजनदार' म्हणायचे. कारण त्याची मागची खोली. तिच्या तिन्ही भिंतींवर जाड लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेक गोल प्लेट टांगलेली. वजन उचलणारे दांड्याच्या दोन्ही टोकांना चढवतात, तसल्या बिडाच्या प्लेटा. पाच किलोच्या, दहाच्या, वीसच्या. साठ-सत्तर तरी असतील. एकही नवी नाही.

वहिनी म्हणायची, "लोकांच्या भिंतीवर देव असतात, आमच्या भिंतीवर तवे. तेही पोळी न भाजणारे."

यजमान गेल्यावर मी दादाकडेच राहायला आले. त्याचे डोळे तोवर मोतीबिंदूनं अधू झाले होते आणि छातीचं दुखणं असल्यामुळे डॉक्टर ऑपरेशनला हात लावत नव्हते. म्हणून प्लेट ओळखायच्या कामात मी त्याचे डोळे झाले. काम आवडीचं होतं असं नाही. पण भावाच्या घरी राहायचं तर हातपाय हलवावेत, असं आमच्या आईचं शिकवणं.

भंगारवाल्याकडून प्लेट आली की दादा आधी तिचा घेर मोजायला लावायचा. जुनी प्लेट वाळूत दाबून तिचा साचा घेतात आणि नकली माल ओततात. पण बीड थंड होताना आकसतं. त्यामुळे नक्कल अस्सलापेक्षा नेहमी सूतभर लहान भरते. "कितीही मोठेपणा करू दे," दादा म्हणायचा, "नक्कल ती नक्कलच. लहानच राहणार." मग अक्षरं. प्रत्येक फाउंड्रीचा लाकडी नमुना वेगळ्या सुताराच्या हातचा, म्हणून कुणाचं शून्य अंड्यासारखं, कुणाचं चपटं. दादा बोटं फिरवून सांगायचा, ही अमक्या वर्षाची, ही तमक्या कारखान्याची. मी वहीतल्या जुन्या नोंदींशी ताडून बघायची. तो चुकत नसे.

सगळ्यात शेवटी आवाज. भोकात अंगठा घालून प्लेट अधांतरी धरायची आणि लाकडी हातोडीनं हलकेच टोल द्यायचा. चिरलेली प्लेट 'थप' बोलते, धड असलेली घंटेसारखी वाजते.

"लोखंडाला खोटं बोलता येत नाही ग धाकटे," दादा म्हणायचा.

पहिल्यांदा मी टोल दिला, त्या दुपारची गोष्ट सांगते. माझ्या हातातली प्लेट वाजली आणि पाठीमागून, समोरच्या भिंतीवरून, तोच सूर आला. बारीक, घुमणारा. मी वळून बघितलं. कुणी नव्हतं. हातातली प्लेट पोटाशी धरून मी रामरक्षा पुटपुटायला लागले.

दादा हसला. "अग, जोडीतली आहे ती. एकाच दिवशी, एकाच रसातून ओतलेल्या. एकीला हाक मारली की दुसरी ओ देते. भूत नाही, शास्त्र आहे."

शास्त्र असेल. पण ती खोली झाडताना पुढे मी कायम तोंडानं काहीतरी म्हणत राहिले.

एक प्लेट मात्र भिंतीवर नव्हती. दाराच्या मागे, वेगळ्या खुंटीवर, वीस किलोची. तिच्या काठावर पंच नावाच्या टोकदार हत्यारानं ठोकलेले तीन ठिपके. तिला टोल द्यायचा नाही, हे कुणाला मला सांगावं लागलं नाही. ती मी ओळखत होते. दादा ज्या फाउंड्रीत वजनं नेमकी करायचा, तिथलीच होती ती.

तिथलं काम असं. ओतलेली प्लेट हमखास थोडी हलकी भरायची. ती काट्यावर चढवायची, किती पळ्या कमी आहे ते पाठीवर लिहायचं आणि मग पाठीच्या खळग्यात तेवढं शिसं ओतायचं. एक पळी म्हणजे शंभर ग्रॅम. दादाचं अक्षर कावळ्याच्या पायांसारखं. मी बावीस वर्षांची, लग्न ठरायचं होतं, रोज त्याचा डबा घेऊन जायची. तो काट्यावरचा आकडा ओरडायचा आणि मी पांढऱ्या रंगात कुंचला बुडवून प्लेटेच्या पाठीवर लिहायची. आमचे आकडे मराठी. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस होतं. माझ्या एकाला मी लांब, वळणदार शेपटी काढायची.

आमचा मधला भाऊ वजनं उचलायचा. घरात त्याचाच काय तो आवाज. रोज चार वाजता व्यायामशाळेत जायचा आणि कधी दादालाही ओढून न्यायचा. दोघं परतायचे नाहीत, चहा निवायचा, मग मी व्यायामशाळेच्या दारातून हाक मारायची, "झालं का रे तुमचं?" आतून मधला म्हणायचा, "एकच राहिलं!" आणि पाच उचलायचा.

त्या व्यायामशाळेसाठी नव्या प्लेटा दादानंच केल्या. घाईचं काम होतं. शेवटची जोड तीन ठिपक्यांची. शिसं ओतून झाल्यावर ती पुन्हा काट्यावर चढवायची राहिली, हे दादानं स्वतःच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता मधल्यानं तीच जोड लावून दांडा डोक्यावर नेला. दांडा उजवीकडे कलला. मधला तिसऱ्या दिवशी गेला.

उजवी प्लेट जड होती, असं तिथलं कुणीतरी बोललं. पण तोवर व्यायामशाळेनं सगळं सामान भंगारात काढलं होतं. डावी प्लेट तेवढी दादाच्या हाती लागली. ती वजनाला बरोबर भरली. उजवी गेली ती गेलीच.

गल्लीला वाटायचं, म्हाताऱ्याला लोखंडाचा नाद आहे. नाद कसला? चाळीस वर्षं तो एकच प्लेट शोधत होता. बाकीच्या साठ-सत्तर वाटेत भेटलेल्या. कारण उजवीच्या पाठीवर त्यानं नऊ पळ्या शिसं ओतलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. आणि मी लिहिलेला आकडा एक होता की नऊ, हे दोघांपैकी कुणालाच खात्रीनं आठवत नव्हतं. एकात आणि नवात फरक तो किती? नवाच्या पोटाशी एक जास्तीची आकडी. एक असेल तर त्यानं चुकीचं वाचलं. नऊ असेल तर मी चुकीचं लिहिलं. हे आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही.

डॉक्टरांनी दादाला 'आता जिने चढू नका, जड उचलू नका' असं सांगितलं, त्याच महिन्यात दाराच्या मागची प्लेट वाजायला लागली.

पहिल्या दिवशी मी देवाजवळची फुलं काढत होते. चार वाजले होते. घरात कुठेतरी माशी अडकल्यासारखा आवाज. वहिनी म्हणाली, "फ्रीज असेल. त्याचंही आता वय झालं." तिनं फ्रीज बंद केला. आवाज चालूच. आम्ही दोघी आवाजाच्या मागानं गेलो तर दादा आधीच मागच्या खोलीत उभा. त्यानं दाराच्या मागच्या प्लेटेवर तळहात ठेवला. आवाज थांबला. हात काढला. पुन्हा सुरू.

"बाहेरून ट्रक जात असेल," मी म्हटलं.

"आठ फुटांच्या गल्लीतून?" वहिनी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण जिभेला धार होतीच.

दादा म्हणाला, "कुणीतरी हिच्या जोडीला टोल देतंय."

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा, थोडा मोठा. मी दुपारी पोथी घेऊन बसायला लागले, पण चार वाजायला आले की नजर ओळीवरून घसरायची. पाचव्या दिवशी त्या एका सुरानं भिंतीवरच्या प्लेटाही थरथरायला लागल्या. एकेक करून नाही, सगळ्या. मोठ्या सभेत खालच्या आवाजात कुजबूज चालावी, तसं. वहिनीनं खोलीला कडी घातली. दादानं काढली.

"अहो, घाबरायचं वय नाही राहिलं आपलं," वहिनी म्हणाली, "पण निदान दार तरी लावा."

"तो येतोय आणि मी दार लावू?" दादा म्हणाला. 'ती' नाही म्हणाला, 'तो' म्हणाला. मी ऐकलं.

नवव्या दिवशी चारला थोडा अवकाश असताना चुंबक आला. चुंबक म्हणजे आमचा भंगारवाला. दोरीला लोहचुंबक बांधून फिरतो म्हणून ते नाव. गाडी दारात थांबली आणि आतून जो आवाज उठला, त्यानं ओट्यावरची भांडी किणकिणली.

"काका, आत कुणी आहे का?" चुंबकानं मान वाकवून विचारलं.

"आहे. तू काय आणलंस?"

"एका दुकानाच्या छत्रीला बूड म्हणून लावलेली होती. हिरवा रंग फासलाय. तुमच्या कामाची नसेल तर सांगा, पण आता उतरवून घ्या बुवा. नऊ दिवस गाडीवर आहे आणि रोज चारच्या सुमाराला गाडी आपोआप उजवीकडे ओढ घेते. परवा एका स्कूटरवाल्याच्या शिव्या खाल्ल्या मी."

चुंबकानंच ती आत आणून टेबलावर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला. ठेवल्याबरोबर खोली गप्प झाली. ती शांतता आवाजापेक्षा वाईट होती.

दादानं काठावर अंगठा फिरवला. एक, दोन, तीन. मग खाली बसला.

वहिनीनं आणि मी ती काट्यावर चढवली. वीस किलो आठशे.

"आठ पळ्या जास्त," दादा म्हणाला. "बरोबर. एकाच्या जागी नऊ, की नवाला नऊ, ते आता पाठ सांगेल. खरवड."

एकाच्या जागी नऊ, तर आठ जास्त. हिशेब तिथेच संपत होता, मलाही कळत होतं. नऊ कमी असते तर नऊ ओतून ती नेमकी वीस भरली असती. पण दादाला वजन नको होतं, आकडा हवा होता. वजन एकच सांगत होतं, कमी फक्त एक पळी होती. मी काय लिहिलं ते वजन सांगत नव्हतं.

मी रॉकेलचा बोळा आणि पत्र्याची पट्टी घेतली. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली काळा. काळा सोलताना माझे हात माझ्या ताब्यात नव्हते. पट्टी जिथे न्यायची नव्हती तिथे आपोआप जात होती, नेमकी आकड्याकडे. मग पांढरं दिसलं.

शेपटी आधी दिसली. लांब, वळणदार. माझीच.

एक होता. स्वच्छ एक. आणि त्याच्या पोटाशी पांढऱ्या रंगाचा एक ओघळ, माझ्या कुंचल्यातून निसटलेला, वाळलेला. घाईत असलेल्या माणसाला ती आकडी वाटावी असा.

"वाच," दादा म्हणाला.

त्याच्या छातीचा भाता वरखाली होत होता. औषधाची डबी वहिनीच्या मुठीत होती. मी देवासमोर रोज दोन वेळा दिवा लावते आणि खोटं बोलण्याचं पाप काय ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "नऊ. नऊच आहे दादा. माझ्या हातचा."

खोलीतली एकही प्लेट हलली नाही.

दादानं हात पुढे केला. बोट शेपटीच्या टोकावर ठेवलं आणि सावकाश वर नेलं, अंधारात जिना चढावा तसं. जुना रंग जाड होता, बोटाला लागत होता. शेंड्याला वळून बोट ओघळावर आलं. तिथे थांबलं. पुन्हा मागे गेलं, पुन्हा आलं.

"हा ओघळ आहे ग," तो म्हणाला.

मी पट्टी टेबलावर ठेवली.

"तुझं अक्षर पहिल्यापासून चांगलं. एकच आहे हा. ओघळ तुझा, घाई माझी."

"आणि कमरेला पट्टा न बांधता दांड्याखाली शिरायची घाई त्या मेल्याची," वहिनी पाठीमागून म्हणाली. म्हटलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला, कारण जो शब्द आम्ही सगळ्या बायका दिवसातून दहादा लाडानं वापरतो, तो यावेळी अगदी खरा निघाला होता.

दादा हसला. आधी नाकातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्याला चाळीस वर्षांत तसं हसताना बघितलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ तेव्हा चार वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. त्या दिवशी चारचा आवाज आलाच नव्हता.

दोन्ही प्लेटा त्यानं एकाच खुंटीवर, तोंडाला तोंड लावून टांगायला सांगितल्या. नंतर त्यानं एकही नवी प्लेट घेतली नाही. चुंबक आला की पाणी द्यायचा आणि परत पाठवायचा. पाच महिन्यांनी, दुपारी झोपेतच, दादा गेला.

आता घरात आम्ही दोघी. भिंत तशीच आहे. वहिनी म्हणते, एवढे तवे उतरवायला माणसं कुठून आणू. खरं कारण ते नाही, आम्हा दोघींनाही माहीत आहे.

दादाचे दिवस झाल्यापासून चारच्या सुमाराला आवाज पुन्हा येतो. पूर्वीचा नाही. आता सूर दोन आहेत. एक मोकळा आणि एक जरा घोगरा, पोटात शिसं असल्यासारखा. आळीपाळीनं येतात. दमल्यासारखे थांबतात, परत सुरू होतात. मी खोलीत जात नाही. चहा गाळून ठेवते आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणते, "झालं का रे तुमचं?"

लगेच थांबत नाहीत. आणखी एक टोल होतो. मग आणखी चार.