अक्काची शाल आणि आमचा हिटर

आमच्या गाडीचा हिटर अगदी उत्तम होता. फक्त तो गरम करत नव्हता.

गाडी म्हणजे भिंगारला लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी व्हॅन. तरुणपणी ती कुठल्याशा बर्फाच्या मुलखात होती, म्हणून तिला हिटर. "नगरात हिटर कशाला, पापड वाळवायला?" दाजी म्हणाले. (दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. माझ्या प्रत्येक खरेदीला नावं ठेवणं हा त्यांचा जोडधंदा.)

"मार्गशीर्षात बघा," मी म्हणालो.

मार्गशीर्षात अक्काच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. नवरी कोल्हारची. आदल्या संध्याकाळी नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद पहाटेच कोल्हारला पोचवायची होती, कारण ती लागल्याशिवाय नवरीची आंघोळ होत नाही. वऱ्हाड मागून एसटीनं येणार होतं. हळद घेऊन जाणार स्वतः अक्का, आणि अक्काचे सांधे थंडीनं धरतात. दाजींनी सगळ्यांसमोर पैज लावली.

"कोल्हारात ही अंगावर शाल न घेता उतरली, तर गाडी ठेव तू. न्हाईतर सोमवारी भंगारवाल्याला द्यायची."

"लागली," मी म्हणालो. आमच्या घराण्यात आधी हो म्हणतात, मग विचार करतात.

आता एक बारीकसा तपशील. आठवडाभरापूर्वी रेडिएटर गळत होता. गळक्या रेडिएटरला चिमूटभर हळद घालतात, हे कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. चिमटीनं गळणं थांबेना म्हणून मी मूठ घातली. मुठीनं थांबेना तेव्हा अक्काकडे लग्नासाठी दळून ठेवलेल्या हळदीचा डबा दिसला. गळणं थांबलं. त्याच दिवसापासून हिटरही थांबला, पण या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं मला वाटलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं हिटरच्या दोन्ही नळ्या चाचपल्या. "ही कढत, ती गार. मधी काय तरी बसलंय. पान्यात काय घातलं हुतं?"

"थोडी हळद."

"थोडी म्हंजे?"

"डबा."

मिस्त्रीनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. "नळ्या उलट्या जोडा. पानी उलटं गेलं की निघंल. पन क्लिपा नव्या लावा."

नव्या क्लिपा मिळाल्या नाहीत. मी नळ्या उलट्या जोडल्या आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली.

पहाटे निघालो. पुढे मी आणि अक्का, मध्ये हळदीची वाटी मांडीवर घेतलेले दाजी. राहुरीपर्यंत हिटरमधून जी हवा येत होती, ती बाहेरच्यापेक्षा गार होती. अक्कानं शाल डोक्यावरून घेतली.

"रघू, माझे गुडघे वाजायले."

"येईल आता गरम."

"सोमवारचा भंगारवाला लवकर येतो का दुपारी?" दाजींनी विचारलं.

मला राग आला. गाडी जाईल याचा होताच, पण या माणसासमोर जाईल याचा जास्त. मी गियर खाली टाकला आणि पाय दाबला. इंजिन ओरडू लागलं. देवळालीचा फाटा मागे पडला, उसाच्या गाड्या मागे पडल्या, आणि हिटरमधून उबेची पहिली झुळूक आली. "आली! बघा, आली!" मी म्हणालो.

त्या क्षणी ट्यूबची पट्टी सुटली.

आठवडाभर मुरलेली हळद कोमट पाण्यासकट समोरच्या झडपेतून बाहेर आली. दाजींनी वाटी वाचवण्यासाठी तिच्यावर अंग टाकलं, त्यामुळे वाटी वाचली आणि दाजी पूर्ण सापडले. धोतर, कोट, मिशा, काही सुटलं नाही. अक्काची शाल चिंब. मी गाडी थांबवली. अक्कानं बोट शालीवर फिरवलं, नाकाला लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ही माझ्या जात्यावरची हळद हाय."

"असेल," मी म्हणालो.

"आठ दिस डबा हुडकतीय मी. थोरल्या सुनंवर आळ घेतला."

तिथे मात्र मला खरंच लाज वाटली. मी खाली उतरलो, सुटलेल्या नळ्या एकमेकींना जोडून हिटर वगळला, पाटाचं पाणी भरलं आणि गपगुमान गाडी हाकली.

कोल्हारला मांडवात नवरीकडच्या बाया ओवाळायला उभ्या होत्या. पिवळेधमक दाजी वाटी घेऊन उतरले. एक म्हातारी म्हणाली, "वरबापानं समदी सोतालाच लावली व्हय? नवरीला ठिवली का न्हाई?" मग मांडव असा हसला की दाजींनी वाटी म्हातारीच्या हातात कोंबली.

मी तोवर अक्काकडे बघत होतो. तिनं भिजलेली शाल गाडीतच टाकली, कुडकुडत खाली उतरली आणि जाता जाता मला म्हणाली, "गाडी ठिव. पन सुनंची माफी तू मागायची."

वऱ्हाड आल्यावर माफी मी त्याच मांडवात मागितली. गाडी पुढे अनेक वर्षं चालवली. आजही कोणी त्या हिटरला नावं ठेवली, तर मी एकच सांगतो: मार्गशीर्षातल्या पहाटे अक्का कोल्हारात अंगावर शाल न घेता उतरली. बाकीचा तपशील विचारणाऱ्यांना मी गाडीत बसवत नाही. तसंही त्यानंतर माझ्या गाडीत कोणी आपणहून बसलेलं नाही.