पासवर्ड कॅलेंडरवर

चार कार्यकर्ते चहाला बसले की किस्से आपोआप निघतात. आमच्या आरमोरीच्या ऑफिसातले निम्मे तर एकट्या कॉम्प्युटरनं पुरवलेत. मारहाणीमुळे घर सोडलेल्या बायांना मदत करायचं आमचं काम. दोन हजार सालानंतर कधीतरी कॉम्प्युटर आला आणि रजिस्टरातल्या सगळ्या केसेस त्याच्यात गेल्या.

माहिती गुप्त राहावी म्हणून मुंबईच्या ऑफिसानं पासवर्ड दिला. आम्हा तिघांना काही तो पाठ होईना. शेवटी आमचे जुने क्लार्क वासुदेवभाऊ यांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. मी ओरडलो तर म्हणाले, "बाहेरच्यायले काय माईत हा पासवर्ड हाय म्हून?" वर लाल शाईनं 'पासवर्ड' असंही त्यांनीच लिहिलं होतं.

मग डिजिटल कॅमेरा. रिपोर्टात फोटो हवेत म्हटल्यावर बाया न्हाऊनधुऊन, ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. मुंबईहून फोन, जरा दुःखी दिसू द्या. आमच्यातल्या तिसऱ्या, सुमनबाई, त्यांनी हे बायांना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की एक फोटो धड येईना.

फोटोसाठी संमतीपत्र आलं, त्याचं तर विचारूच नका. मजुरीवर जाणाऱ्या बाया त्या, स्टॅम्पपॅड दिसलं की अंगठा पुढे. एकीला मी अख्खा फॉर्म वाचून दाखवला. अंगठा लावून ती म्हणाली, "मंग तांदूळ कधी भेटन?" तरी तो फॉर्म मी फायलीला लावला, खोटं कशाला सांगू.

आणि पार्वताबाई. नवऱ्यानं कुऱ्हाड उगारली म्हणून पोंभुर्ण्याकडून पळून आलेली. आम्ही तिला आरमोरीतच खोली पाहून दिली होती. एक दिवस सुमनबाई आणि मी बाहेर असताना तिचा नवरा ऑफिसात आला. बायकोला एक कागद द्यायचाय म्हणाला, अगदी सभ्यपणे. रजिस्टर असतं तर नाव सापडायला अर्धा तास लागला असता, तोवर आमच्यापैकी कोणीतरी पोचलं असतं. पण भाऊंना कॉम्प्युटरचं भारी कौतुक. नाव टाकलं, बटण दाबलं, पत्ता वाचून दाखवला. वर म्हणाले, पाहा, एका मिनटात!

पार्वताबाई धानाच्या रोवण्याला गेली होती, म्हणून वाचली. नवरा खोलीचं कुलूप फोडून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती बोचकं घेऊनच ऑफिसात आली. भाऊ मान वर करेनात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं आणि दुसरीकडे खोली पाहिली म्हणाली. मी सवयीनं कीबोर्ड पुढे ओढला आणि नवीन पत्ता विचारला.

"जुनाच राहू द्या," ती म्हणाली. "त्यो परत आला तं तोच वाचून दाखवजा."