पट्ट्यातला आंबा

गॅस पाइपलाइन कंपनीचा तिमाही निकाल दुपारी आला, आणि त्याच दुपारी लाइनवाला आमच्या बांधावर आला. कंपनीची लाइन आमच्या शेताखालून जाते. तो रोज तिच्यावरून चालत पाहणी करतो. आई गेल्यापासून जुन्नरच्या या घरी मी एकटी असते; रोज बोलणारा तेवढाच एक. कोणत्या व्यवसायातून कंपनीला किती उत्पन्न मिळाले, ही बातमी मला संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्राच्या डेस्कला द्यायची होती.

"ताई, झाड काढावं लागंल," तो म्हणाला.

झाड म्हणजे आंब्याचे गुडघाभर रोप. आईची रक्षा नदीत न सोडता शेतात पुरायची आणि वर आंबा लावायचा, असे भावकीने ठरवले. जागा चुलत्यांनी दाखवली. लाइनच्या खुणेचा खांब ट्रॅक्टर लागून कधीच आडवा झाला होता. खड्डा नेमका लाइनवरच्या राखीव पट्ट्यात पडला. पट्ट्यात पीक घेता येते, झाड लावता येत नाही.

"खाली आईची रक्षा आहे."

"म्हाईत हाय. म्हणून तर इतके दिस बघून न बघितल्यासारखं केलं. पण आंब्याला काय कळतंय खाली लाइन हाय? ते मुळं घालणारच. उद्या साहेब येत्यात. त्यांची माणसं उपटून फेकून देतील. आपुन आजच काढू, मातीसकट."

तो टिकावाने कडेकडेने खणत होता, मी घमेले धरून बसले होते.

"निकाल कसा लागला आमच्या कंपनीचा?"

"चांगला. सगळ्यात जास्त उत्पन्न वहनातून. गॅस दुसऱ्याचा, तो नेण्याचं भाडं यांचं. त्याखालोखाल गॅसविक्री, मग शहरांतला घरगुती गॅस. उरलेलं ‘इतर’मध्ये."

"आन आमाला कशात धरत्यात?"

"तुमचा पगार खर्चात जातो."

"म्हंजे आमी तोट्यातच की राव!"

तो हसला. मलाही हसू आले.

रोप निघाले. घमेल्यात मावली तेवढी माती घेतली. बाकीची तिथेच राहिली. त्यात माती कोणती आणि रक्षा कोणती, हे सांगता येत नव्हते. पट्ट्याबाहेर, विहिरीजवळ रोप पुन्हा लावले. बातमी वेळेत गेली. ‘इतर’ची ओळ डेस्कने जागेअभावी कापली.

साहेब येऊन गेले. खांब पुन्हा उभा राहिला. रिकाम्या जागी मी मेथी टाकली. तिची मुळे खोल जात नाहीत. एक जुडी एका माणसाला जास्त होते. अर्धी लाइनवाला नेतो.

जागा बदलल्यावर आठवड्यातच आंब्याची सगळी पाने गळाली होती. लाइनवाल्याचे काम पट्ट्यापुरते आहे, तरी तो विहिरीपर्यंत येतो. वाकून खोडाची साल नखाने जराशी खरवडतो.

"हिरवं हाय अजून," म्हणतो आणि पुढच्या शेतात जातो.

मग दुसऱ्या दिवसापर्यंत बांधावर कोणी येत नाही.