डमी लोडवर आलेलं उत्तर

ये गं स्नेहल, अशी जवळ बस. परवा आपल्या हॅम रेडिओवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलंस, "काकू, नवा सेट आला, अँटेना लावली, लगेच बोलायला सुरुवातही केली." छान. आणि डमी लोड? "तो नंतर घेईन" म्हणे. अगं, सेटचा ट्रान्झिस्टर उडाल्यावर घेणार का?

ग्रुपवरच्या बाकीच्यांनीही वाचा. डमी लोड म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा एक जाडजूड रेझिस्टर. सेटमधून निघालेली पॉवर त्यात उष्णता होऊन जिरते, हवेत जवळजवळ काही जात नाही. दुरुस्त केलेला सेट आधी त्याच्यावर तपासायचा, मगच अँटेना. पॉवर मीटर घेतलात की कुणाच्या तरी जुन्या मीटरशी ताडून बघा. कनेक्टर विकतचा तयार असला तरी हलवून बघा... निम्मे बिघाड तिथेच असतात.

आता ह्या डमी लोडवरच माझ्या बाबतीत एक प्रकार घडला, तो सांगते. मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. शिक्षण बारावीला सुटलं. रेडिओ मी जुनी मॅन्युअलं वाचून आणि बोटं भाजून घेऊन शिकले, लायसन्सची परीक्षा पन्नाशीत दिली. मीटरचा काटा दाखवेल ते खरं, एवढंच मी मानते. त्यामुळे जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, त्यात माझ्या पदरचं काही नाही.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडला राहतो. दुसरा मजला. त्या आठवड्यात सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग चाललं होतं, म्हणून माझी अँटेना खाली उतरवून जिन्याजवळ आडवी ठेवलेली. केबलचं टोक गच्चीवरच प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं. दुपारचे अडीच. मी सेटचा माईक दुरुस्त केला होता, तो तपासायला डमी लोड लावला, पॉवर अगदी कमी केली. नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर सवयीप्रमाणे आपलं कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवर मिळालेलं हवेतलं नाव, सांगितलं, "टेस्टिंग, वन टू थ्री" म्हटलं आणि बटण सोडलं.

"वहिनी, आवाज स्पष्ट आहे. मी बाल्कनीत पडलोय. उठता येत नाही."

करंदीकर भाऊजींचा आवाज. ह्यांचे जुने मित्र, राहतात कल्याण पश्चिमेला. आमच्यापासून सहा-सात किलोमीटर तरी असेल.

आतल्या खोलीतून हे म्हणाले, "आज करंदीकर इतका हळू का बोलतोय?"

म्हणजे ह्यांनीही ऐकलं.

आणि मी काय केलं? उत्तर नाही दिलं. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की डमी लोड लावायचा राहिला आणि मी हवेत बोलतेय. आमच्यात ही फार लाजेची चूक. मी आधी पॉवर सप्लाय बंद केला, वाकून मागचा कनेक्टर बघितला. डमी लोडच होता. काढला, पुसला, परत लावला. मीटर बघितला. चार-पाच मिनिटं त्यातच गेली.

हे दारात येऊन उभे. "अगं, तो पडलोय म्हणाला ना?"

"हो, पण तो येतोय कुठून?"

"ते नंतर बघ. फोन कर."

भाऊजींचा फोन वाजत राहिला. त्यांच्या मिसेस चार दिवस ठाण्याला बहिणीकडे गेलेल्या. मग शेजारच्या पाटील वहिनींना फोन लावला, त्यांच्याकडे किल्ली असते. त्या धावत गेल्या. भाऊजी बाल्कनीत, कुंड्यांच्या मधे, सकाळपासून पडलेले. मांडीचं हाड मोडलेलं, साखर खूप उतरलेली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.

त्यांच्या हातात त्यांचा हँडी होता, म्हणजे हातात मावणारा छोटा सेट. पाटील वहिनींनी तो उचलला आणि तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की त्याच्या पाठीला बॅटरी नाही. ती स्वयंपाकघरात चार्जरवर होती, ओट्याच्या कोपऱ्यात. शेजारीच फोन.

भाऊजी घरी आल्यावर मी आणि हे भेटायला गेलो. मी विचारलं, तर ते म्हणाले, "तुम्ही वन टू थ्री म्हणत होतात. मी बटण दाबलं आणि बोललो."

"बॅटरी नव्हती, भाऊजी."

"पाटील वहिनी सांगतात ते. मी काही पाठीमागे बघितलं नाही."

मग महिन्याभराने आम्ही पुन्हा करून बघितलं. मी घरी, डमी लोडवर, तीच पॉवर. ते कल्याणला, हँडीत बॅटरी घालून. काही नाही. नंतर दुसरा हँडी घेऊन ह्यांना मी खाली पाठवलं. माझा आवाज गेटपर्यंत आला आणि वाण्याच्या दुकानाशी पूर्ण गेला. म्हणजे हिशोबाने जे व्हायला हवं तेच झालं... त्या एका दुपारचं सोडून. ग्रुपवरच्या इंजिनिअर मंडळींनी बरंच काही सुचवलं — गच्चीवरची केबल, वातावरण, आवाज पकडून पुढे पाठवणारा कुणाचा तरी रिपीटर. बॅटरीचं मात्र कुणी काही सुचवलं नाही.

खरं म्हणजे मला ते तितकं टोचतही नाही. टोचतात ती चार-पाच मिनिटं. एकदा भाऊजींनी चहा पिता पिता सहज विचारलं, "वहिनी, ऐकलं होतंत तर लगेच उत्तर का नाही दिलंत? मी वाट बघत होतो."

मी म्हटलं, "कनेक्टर बघत होते."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हो. मीही आधी तेच बघितलं असतं."

तेव्हापासून मी त्यांना रोज सेटवर हाक मारते. ते उत्तर देतात, पण वॉकर घेऊन तीन जिने उतरणं त्यांना अजून जमत नाही, आणि नुसत्या आवाजाने माणसाला माणूस भेटल्यासारखं होत नाही. स्नेहल, तू ठाण्यालाच आहेस ना? ह्या रविवारी आधी माझ्याकडे ये, जेव, मग दोघी त्यांच्याकडे जाऊ. पुढच्या महिन्यात वगैरे नको म्हणूस. लवकर ये.