बुजगावण्याच्या डोक्यावरची खरुची

दिवाळी झाली की आमच्या हरभऱ्यात एक खरुची येते. कबुतराएवढा ससाणा, पाठ विटकरी, आणि येतो म्हणे पार हिमालयापलीकडून. मुली लग्न होऊन गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे लेकीची बघावी तशी मी तिची वाट बघते. आमच्या ह्यांना त्याचं काहीही नाही.

अळ्या टिपायला पाखरं यावीत म्हणून हेच वावरात पक्षीथांबे रोवतात, म्हणजे उभ्या काठीवर बांधलेली आडवी काठी. धुऱ्याजवळचा, म्हणजे शेताच्या बांधाजवळचा, थांबा खरुचीचा. तिथून उठायचं, वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी पंख थरथरवत थांबायचं, डोकं तसूभर हलवायचं नाही आणि एकदम उंदरावर पडायचं. मग थांब्यावर परत येऊन निवांत जेवण.

यंदा हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा भरू लागला आणि ह्यांनी सगळे थांबे उपटले. आता पाखरं अळ्या सोडून दाणेच खातील, असं ह्यांना शेतकरी मेळाव्यात सांगितलेलं. मी म्हटलं, खरुची हरभऱ्याला तोंड लावत नाही, तिचा तेवढा ठेवा. उंदीर धरायला काय मेळाव्यातली माणसं येणार आहेत?

"एकीसाठी येगळा कायदा नाही," हे म्हणाले.

डोकंच फिरलं माझं. बसायची जागा गेली तर ती आमचं वावर कायमचं सोडेल, या विचाराने मला घास गोड लागेना, आणि हे तिच्याच थांब्याच्या खड्ड्यात बुजगावणं उभं करत होते. त्याच्या अंगात मी मारेगावच्या बाजारातून ह्यांच्यासाठी हौसेने आणलेला शर्ट. ह्यांनी एकदाही न घातलेला.

दुसऱ्या दिवशी खरुची बुजगावण्याच्या डोक्यावर बसलेली. तिच्या धाकाने पोपट फिरकेनात. हे मात्र गावभर सांगत सुटले की बुजगावणं कसं बांधावं ते माझ्याकडून शिका. मी कपाळाला हात लावला.

माघ सरता सरता ती परत गेली. दोन दिवसांत पोपटांचा थवा हरभऱ्यावर उतरला, त्यातले दोन तर त्या नव्या शर्टाच्या खांद्यावर बसून घाटे फोडत होते. हे धुऱ्यावर बराच वेळ उभे राहिले.

"दिवाईनंतर येईन नं थे खरुची?" शेवटी ह्यांनी मला विचारलं.

मेळाव्यात विचारा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मलाही कुणाला तरी तेच विचारायचं होतं.