वळताना वाजणारी गाडी घेऊन अकोल्याला

अमरावतीहून अकोल्याला हौसेनं कोणी जात नाही. मीही गेले नाही. माझ्या नातीची, पल्लवीची, गाडी वळताना कटकट करत होती म्हणून गेले. मी सांगते आहे, ती टाइप करते आहे. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका सगळ्या तिच्या.

पल्लवीला नर्सची नोकरी लागली, चिखलदऱ्याच्या पलीकडच्या एका गावात. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिकडं बस दिवसातून एकच. तिचा बाप, म्हणजे माझा विलास, म्हणाला, "जुनी गाडी. घाटात सगळी वळणं, अन् हे वळली का वाजते. आवाज गेला तर जाय, नाही तं नोकरीले नाही म्हण." पोरीनं ताट सारलं आणि रशीदभाईंना फोन लावला. त्यांचं गॅरेज आधी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं, आता ते अकोल्याला मुलीजवळ राहतात. ही गाडी त्यांच्याएवढी कोणाला ठाऊक नाही.

शनिवारी सकाळी निघालो. मूर्तिजापूरवरून जाणारा हायवे चांगला आहे, पण भर वेगात काही तुटलं तर, या भीतीनं पल्लवीनं दर्यापूरचा रस्ता धरला. तुम्ही जाल तर हायवेनं जा. सोयाबीन निघून गेलेलं, कपाशी फुटलेली, बघायला छान आहे. पण त्या रस्त्याचे खड्डे माझ्या मणक्याला आता नावानिशी ओळखतात. सरळ चाललं की गाडी गप्प. फाट्यावर वळलं की कट, कट, कट.

"आजी, ऐकलं का?"

"घरापासून ऐकून राहिली मी. तू रस्त्याकडे पाह्य."

दर्यापूरला आलूबोंडा आणि कढी खाल्ली. गरम होती, एवढंच तिचं कौतुक. गुडघे दुखणाऱ्या बायांनी एक ध्यानात ठेवावं, घरूनच जाऊन निघावं, वाटेत सोय शोधत बसू नये. शेजारीच एक मिस्त्री होता. तो गाडी घेऊन चौकापर्यंत गेला आणि आला. मी मागं बसून होते. वळताना हा फोनवर बोलत होता.

"बेरिंग गेलं," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत करून देतो."

"बेरिंग गेलं का कसा आवाज येते रे बावा?"

"घूं घूं येते."

"मंग हे तं कटकट करते."

"आजी, तुमाले गाडीतलं समजते काय?"

"गाडीतलं नाही समजत. कानातलं समजते."

पल्लवीनं मला चिमटा काढला आणि आम्ही पुढं निघालो. नोकरी हातची जाणार, हे तिच्या पाठीवरूनसुद्धा दिसत होतं. मी पण दमले होते, चिडवायचंही सुचेना.

रशीदभाई म्हातारे झालेत. त्यांनी बॉनेटला हात लावला आणि माझ्याकडे बघून हसले. "अम्मा, माझे कान हातोडीनं खाल्ले. आवाज आता तुमालेच ऐका लागते." गॅरेजजवळच्या मोकळ्या मैदानात त्यांनी खुर्ची ठेवली आणि मला बसवलं. पल्लवीला सांगितलं, स्टिअरिंग पूर्ण वळवून अम्माभोवती हळू फिरव, आधी डावीकडून, मग उजवीकडून. खळ्यात मधोमध तिवडा रोवलेला असतो आणि बैल भोवती फिरतात, तशी मी. चक्कर आली, पण कान जाग्यावर होते.

डावीकडे फिरली तेव्हा बाहेरचं चाक बोललं, अडकित्त्यात सुपारी फोडावी तसं. उजवीकडे फिरली तेव्हा एक शब्द नाही.

"मंग उजवा एक्सल," रशीदभाई म्हणाले. "वळताना बाहेरच्या चाकावर जोर येते." प्रवास करणाऱ्यांनी त्यांचं एवढं ऐकून ठेवावं. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर घूं घूं वाढली तर बेरिंग बघा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कण्हली तर स्टिअरिंगचं तेल बघा. वळताना कटकट केली तर एक्सलचा सांधा.

चाक काढलं. सांध्यावरची रबरी टोपी फाटलेली, आतल्या ग्रीसमध्ये काळी माती वाळून बसलेली. फाटलेल्या जागी बोटभर वाळकं लाकूड अडकलं होतं. रशीदभाईंनी ते माझ्यापुढं धरून विचारलं,

"हे तं पऱ्हाटी आहे, कपाशीची वाळकी काडी. गाडी वावरात कोणी नेली?"

पल्लवी आभाळाकडे बघू लागली. गेल्या महिन्यात आमच्या वावरात सीतादही होती. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी बाया दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती. विलास म्हणाला होता, गाडी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊ नको, तिथं मागच्या सालच्या पऱ्हाटीचा ढीग आहे. मी म्हटलं, माझे गुडघे, माझी सीतादही. पल्लवीला गाडी त्या ढिगावरूनच वळवायला लावली, आणि विलासला सांगितलं की सडकेवरच ठेवली होती.

एक्सल बदलायला दुपार गेली. मी पुन्हा तिवडा झाले, दोन्हीकडून. आवाज नव्हता.

परतीत पल्लवी म्हणाली, "आजी, बाबाले सांगतो, जुनी गाडी, घासली असन. तुयं नाव नाही घेत."

पोर मला वाचवत होती, मी हो म्हटलं. बडनेऱ्यापर्यंत मला बरंही वाटलं.

घरी विलास ओसरीत बसून होता. "कशानं झालं?"

"जुनी झाली ना बाबा," पल्लवी म्हणाली.

"तेच म्हणतो मी. आज हे, उद्या दुसरं. घाटात कोण येईन तुले पाह्याले?"

मला खाली बसायचं होतं, पण उभीच राहिले. "जुनी झाली म्हणून नाही बिघडली," मी म्हटलं. "मी धुऱ्यावर नेली. पऱ्हाटीनं रबर फाटलं. तुले खोटं सांगतलं होतं."

विलासचा बाप असता तर ओरडला असता. हा चावी घेऊन उठला. समोरच्या मैदानात त्यानं गाडी काच खाली करून गोल फिरवली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

या प्रवासातून मी काय आणलं विचाराल तर कंबरदुखी, ती अजून आहे. आणि पोराकडून महिनाभराचा अबोला मिळेल असं धरून चालले होते, तो मिळाला नाही. विलास आत आला, चावी पल्लवीसमोर ठेवली आणि म्हणाला, "मांगच्या टायरात हवा कमी आहे. सोमवारी निंगाच्या आधी भरजो."